वेच्यांची परंपरा : हिप-हॉपच्या काही अल्बमांचा ऐतिहासिक विचार

१

हिप-हॉपचे दोन रसिक एकत्र आले म्हणजे परस्परांस अल्बम सुचविण्यास प्रारंभ होतो, आणि थोड्याच वेळात दोन याद्या तयार होतात : एक जुन्यांची, दुसरी नव्यांची. जुन्यांचा अभिमानी १९८७ ते १९९४ या कालखंडापलीकडे पाहण्यास सहसा राजी नसतो; नव्यांच्या अभिमान्याला त्या काळातील ध्वनिमुद्रण ओबडधोबड वाटते. हा वाद केवळ अभिरुचीचा असता, तर इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नव्हते. परंतु या कलाप्रकाराची घडणच अशी आहे की, जुन्याला वगळून नवे पुरतेपणी ऐकताच येत नाही. येथे प्रत्येक मोठा अल्बम आपल्या आधीच्या ध्वनिमुद्रिकांची शिफारस करीत असतो. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे कोणते अल्बम ऐकावेत, आणि कोणत्या क्रमाने ऐकावेत, या प्रश्नाचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा अधिक भक्कम पायावर देता येते.

२

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक नृत्यमेळावा भरविला. तबकड्या वाजविण्याचे काम तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, ऊर्फ कूल हर्क, याच्याकडे होते. जमेकातील किंग्स्टन येथे जन्मलेल्या या तरुणाने एक गोष्ट हेरली होती : गाणे थांबून नुसता तालवाद्यांचा भाग सुरू झाला की नाचणारे सर्वाधिक रंगतात. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच भाग आलटून पालटून वाजवू लागला. या साध्या युक्तीत पुढील इतिहासाचे बीज आहे. येथे नवे वाद्य जन्मास आले नाही. जुनी तबकडीच वाद्य झाली.

त्या तालावर ध्वनिक्षेपकातून प्रथम नाचणाऱ्यांना उद्देशून आरोळ्या दिल्या जात. त्यांतून यमकबद्ध पठण विकसित झाले. १९७९ साली शुगरहिल गँगच्या ‘रॅपर्स डिलाइट’ने हे पठण ब्राँक्सबाहेर नेले, तेव्हाही खालचा ताल ‘शिक’ या गटाच्या त्याच वर्षीच्या गीतावरून घेतलेला होता. पुढे ध्वनी साठवून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे हाती आल्यावर जुन्या मुद्रिकेतील तुकडा उचलून नव्या रचनेत बसविणे सुलभ झाले. रसिक त्याला ‘सॅम्पल’ म्हणतात. पाठ्यपुस्तकांच्या परंपरेतील ‘वेचा’ हा मराठी शब्द त्याला चांगला लागू पडतो. कारण वेच्यात उचल असते, तशीच निवडही असते.

३

शब्दांच्या बाजूनेही असेच स्थित्यंतर झाले. आरंभीच्या पठणात यमक चरणाच्या अखेरीस येई आणि तेथेच वाक्य थांबे. एरिक बी. आणि रकीम यांच्या १९८७ मधील ‘पेड इन फुल’ या अल्बममध्ये रकीमने यमके चरणाच्या पोटात पेरली आणि वाक्य एका चरणातून दुसऱ्यात वाहू दिले. तो तरुणपणी सॅक्सोफोन वाजवीत असे, आणि जॉन कोल्ट्रेनच्या वादनाचे ऋण त्याने मान्य केले आहे. आवाज न चढविता, श्वासाच्या हिशेबाने शब्द मांडण्याची त्याची रीत त्या वादनातून आलेली आहे. मोरोपंतांच्या आर्येत यमक शोधीत जाण्याची ज्याला सवय आहे, अशा वाचकाला या अल्बममधील आनंद ओळखीचा वाटेल. मात्र ज्याचे डोळे छापील ओळीवर खिळलेले आहेत, त्याच्या हाती तो लागणार नाही. तो कानानेच घ्यावा लागतो.

याच सुमारास वेच्यांची कलाही भरास आली. पब्लिक एनिमीच्या १९८८ च्या दुसऱ्या अल्बममध्ये ‘बॉम्ब स्क्वाड’ या निर्मात्यांनी वेच्यांवर वेचे रचून संतापाचा एक सलग गदारोळ उभा केला. त्याच्या अगदी उलट वृत्तीचा ग्रंथ म्हणजे डे ला सोलचा ‘थ्री फीट हाय अँड राइझिंग’ (१९८९). लाँग आयलंडमधील तिघे तरुण आणि प्रिन्स पॉल हा निर्माता यांनी स्टीली डॅन, हॉल अँड ओट्स यांच्यापासून फ्रेंच भाषेच्या पाठांच्या तबकडीपर्यंत जे जे गवसले, ते ते विनोदबुद्धीने एकत्र गुंफले. कृष्णवर्णीय तरुणाने कोणते संगीत ऐकावे याविषयीची सारी गृहीते या अल्बमने हसत हसत मोडली.

४

मग न्यायालयाचा निर्णय आला. बिझ मार्की या कलावंताने १९९१ च्या आपल्या अल्बममध्ये गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या एका गीताचा वेचा परवानगी मिळण्यापूर्वीच वापरला होता. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्क येथील संघीय न्यायाधीश केव्हिन डफी यांनी त्यास मनाई केली. निकालपत्राचा आरंभ त्यांनी चौर्यनिषेधाच्या बायबलमधील आज्ञेने केला, आणि प्रकरण फौजदारी कारवाईच्या विचारार्थ सरकारी वकिलाकडे पाठविले. यानंतर प्रत्येक वेच्यास पूर्वपरवानगी व मोबदला आवश्यक झाला. मूळ गीतकाराला त्याचा वाटा मिळावा, हे न्याय्यच होते. परंतु एका अल्बममध्ये डझनावारी वेचे गुंफण्याची रीत सामान्य कलावंताच्या आवाक्याबाहेर गेली, हेही नाकारता येत नाही.

कलावंतांनी यातून निरनिराळ्या वाटा काढल्या. डॉ. ड्रे याने ‘द क्रॉनिक’ (१९९२) मध्ये पार्लमेंट-फंकाडेलिकच्या चाली पुष्कळ ठिकाणी वादकांकडून पुन्हा वाजवून घेतल्या. या अल्बममधील स्त्रियांविषयीची भाषा निंद्य आहे आणि शिफारस करताना ते सांगितलेच पाहिजे. पण ध्वनिरचनेच्या इतिहासात त्याला वगळता येत नाही. नॅसने ‘इलमॅटिक’ (१९९४) मध्ये वेचे थोडे ठेवले आणि भार शब्दांवर टाकला. चाळीस मिनिटांहूनही लहान असलेल्या या अल्बममध्ये क्वीन्सब्रिज या गृहवसाहतीचे जीवन एका विशीतल्या तरुणाने सांगितले आहे. त्यातील एका गीताच्या अखेरीस ऐकू येणारे कॉर्नेट त्याचे वडील, जॅझ संगीतकार ओलू दारा, यांनी वाजविलेले आहे. एरवी जुनी तबकडी जे काम करते, ते येथे प्रत्यक्ष पित्याने केले.

५

आता नव्यांकडे वळता येईल. जे डिला याचा ‘डोनट्स’ ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, प्रसिद्ध झाला. तीन दिवसांनी तो निवर्तला. या अल्बमवर पठण करणारा कोणी नाही. जुन्या गीतांचे तुकडे चिरून, उलटसुलट जोडून केलेल्या एकतीस लहान रचना एवढाच त्याचा ऐवज आहे, आणि तरीही त्यात निरोपाचा सूर स्पष्ट ऐकू येतो.

केंड्रिक लमारच्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) मध्ये कमासी वॉशिंग्टन, रॉबर्ट ग्लास्पर यांच्यासारखे जॅझवादक प्रत्यक्ष वाजवितात. पहिल्याच गीतात पार्लमेंट-फंकाडेलिकचे प्रवर्तक जॉर्ज क्लिंटन यांचा आवाज येतो. ड्रेने ज्यांच्या चाली पुन्हा वाजवून घेतल्या, ते गुरुजनच कॉम्प्टनच्या पुढच्या पिढीत पाहुणे म्हणून आले. २०१८ साली याच कलावंताच्या ‘डॅम’ (२०१७) या अल्बमला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९४३ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकाचा मान शास्त्रीय व जॅझ संगीताबाहेरील कृतीस मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

६

या इतिहासातून शिफारशीची एक रीत निघते : अल्बम एकेकटा न सुचविता जोडीने सुचवावा. ‘पेड इन फुल’ ऐकून मग ‘इलमॅटिक’ ऐकावा. नॅसने २००४ मध्ये रकीमचे चरित्रच एका गीतात सांगितले, यावरून हे नाते कल्पित नव्हे, हे दिसते. ‘थ्री फीट हाय अँड राइझिंग’च्या पाठोपाठ ‘डोनट्स’ घ्यावा. डे ला सोलच्या १९९६ मधील ‘स्टेक्स इज हाय’ या गीताची संगीतरचना डिलाचीच होती. ‘द क्रॉनिक’नंतर ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ ऐकावा. अशा जोडीत नवा अल्बम जुन्याचे भाष्य होतो आणि जुना नव्याचा संदर्भ.

ही रीत केवळ सोयीची नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘थ्री फीट हाय अँड राइझिंग’ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत २०१० साठी स्थान दिले. तरीही वेच्यांच्या परवानग्या व जुने करार यांच्या गुंत्यामुळे आंतरजालावरून संगीत पुरविणाऱ्या सेवांवर तो ३ मार्च २०२३ पर्यंत आलाच नाही. तिघांपैकी डेव्हिड जोलिकूर त्यापूर्वी तीनच आठवडे, १२ फेब्रुवारी रोजी, निधन पावला होता. राष्ट्राने जतनयोग्य ठरविलेली कृती एका संपूर्ण पिढीला सहज ऐकता आली नाही. त्या काळात ती जिवंत राहिली ती ज्यांच्याजवळ जुनी तबकडी होती आणि ज्यांनी ती दुसऱ्याला ऐकविली, अशा रसिकांमुळे. दप्तरखान्यातील नोंद कृतीचे नाव टिकविते. कृती टिकते ती एकाने दुसऱ्याला सांगितल्याने. कूल हर्कने दोन यंत्रांवर तबकड्या ठेवल्या तेव्हाही तो आपल्या शेजाऱ्यांना, जुन्या गाण्यातील हा भाग पुन्हा ऐका, एवढेच सांगत होता.