सेंट कॅथरीन मठ, सिनाई

सेंट कॅथरीन मठ : इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातील ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ व ख्रिस्ती तीर्थक्षेत्र. जेबेल मूसा (२,२८५ मी.) या डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मी. उंचीवरील रखरखीत दरीत तो आहे. जळूनही भस्म न होणाऱ्या झुडपातून ईश्वराने बायबलमधील मोशेला येथेच हाक दिली व वरच्या शिखरावर दहा आज्ञा दिल्या, अशी श्रद्धा आहे.

मठाआधी येथे यात्रा होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस आलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने लॅटिनमध्ये प्रवासवर्णन लिहून ठेवले आहे. झुडपाजवळचे चर्च, बाग आणि आसपास राहणारे तपस्वी यांचा त्यात उल्लेख आहे. प्रत्येक स्थळी बायबलमधला तिथला प्रसंग वाचायचा, हा तिचा परिपाठ. आजची तटबंदी व चर्च बायझंटिन सम्राट जस्टिनियन याने उभारले. छताच्या तुळयांवरील लेखांत सम्राटासाठी प्रार्थना आहे, तर सम्राज्ञी थिओडोरा हिला दिवंगत म्हटले आहे. ती ५४८ मध्ये वारली, तो ५६५ मध्ये. बांधकाम या दोन मृत्यूंच्या दरम्यानचे ठरते.

आख्यायिकेनुसार अलेक्झांड्रियाच्या हुतात्मा कॅथरीनचा देह देवदूतांनी सिनाईच्या शिखरावर आणून ठेवला. त्यावरून मठाला हे नाव पडले. गोव्याच्या वाचकांना ही संत परकी नाही. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकला, म्हणून जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल तिला अर्पण केलेले आहे.

मठ टिकला तो केवळ भिंतींच्या जोरावर नव्हे. प्रेषित मुहंमदांनी दिले असे मानले जाणारे अभयपत्र मठाने जपले आहे, आणि तटाच्या आत चर्चसमोर फातिमी काळातील मशीदही उभी आहे. भोवतालचे जेबेलिया बदाऊन मुसलमान. जस्टिनियनने मठाच्या चाकरीसाठी पाठवलेल्या लोकांचे आपण वंशज, असे ते सांगतात आणि आजही मठाचे काम पाहतात. मुस्लिम सत्तेखाली असण्याचा एक अनपेक्षित लाभही झाला. आठव्या-नवव्या शतकांत बायझंटिन सम्राटांनी पवित्र चित्रे नष्ट करविली, तेव्हा त्यांचा हात सिनाईपर्यंत पोचला नाही. त्यामुळेच मेणमिश्रित रंगांत काढलेले सहाव्या शतकातील ख्रिस्ताचे चित्र येथे आजही पाहता येते.

ग्रंथालयात सुमारे ३,३०० हस्तलिखिते आहेत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध मात्र मठाच्या हातून गेले. चौथ्या शतकातील ग्रीक बायबलची (कोडेक्स सिनायटिकस) ४३ पाने जर्मन विद्वान टिशेनडॉर्फने १८४४ मध्ये नेली व १८५९ मध्ये मोठा भाग परत करण्याच्या बोलीवर रशियाला नेला. ती बोली पाळली गेली नाही. सोव्हिएत सरकारने १९३३ मध्ये तो भाग ब्रिटनला १ लाख पौंडांना विकला. जाळण्यासाठी टोपलीत टाकलेली पाने आपण वाचवली, हे टिशेनडॉर्फचे म्हणणे मठवासींना मान्य नाही, आणि त्यांची बाजू अधिक पटण्याजोगी आहे : १९७५ मध्ये मठातच एका बंद खोलीत याच ग्रंथाची आणखी पाने सापडली.

पूर्वी तटाचा दरवाजा उघडा नसे. पाहुण्याला रहाटाने दोरावर वर ओढून घेत. आता दारातून प्रवेश मिळतो, पण वेळ मठाची : सकाळचे मोजके तास, शुक्रवार, रविवार व सणांना बंद. जळत्या झुडपाच्या चॅपेलमध्ये, मोशेप्रमाणे, पादत्राणे काढावी लागतात. भारतीय यात्रेकरूला हे सांगावे लागत नाही. शिखरावर जाणारे बहुतेकजण सूर्योदय गाठण्यासाठी मध्यरात्रीनंतर निघतात. सुमारे ३,७५० दगडी पायऱ्यांची वाट एका मठवासीने प्रायश्चित्त म्हणून घडवली, असे सांगतात. उंटांचा रस्ता लांबचा पण सोपा आहे.

खडकाळ भूमीत दफनाला जागा थोडी. म्हणून मृतांच्या अस्थी काही काळाने उकरून अस्थिगृहात नेतात : कवट्यांची रास वेगळी, हाडांची वेगळी. दाराशी स्टेफानोस या सहाव्या शतकातील तपस्व्याचा सांगाडा झगा घालून बसवला आहे. हयातीत डोंगर चढणाऱ्यांची पापकबुली ऐकण्याचे काम त्याच्याकडे होते.