राशोलचे खिळे, इंदूरचे फॉन्ट

इंदूर म्हटले की आपल्याला होळकर आठवतात, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली आठवते, अमीर खाँसाहेबांचा ख्याल आठवतो. मराठी साहित्य संमेलनही तिथे १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. पण आपल्या भाषा इंटरनेटवर कशा आल्या याचा इतिहास लिहायला घेतला तर त्यातही इंदूरचे एक प्रकरण येते. ते आम्हा गोवेकरांच्या एका फार जुन्या दुखण्याशी जुळणारे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी दुखणे सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' त्याने रचले. १६१६ मध्ये ते राशोलला छापले गेले, पण रोमन लिपीत! गोव्यात छापखाना १५५६ पासून होता. नव्हते ते नागरी खिळे. स्टीफन्सने १६०८ मधल्या एका पत्रात कारणही लिहून ठेवले आहे. युरोपातल्या लिपीला २४ साचे पुरतात, इथल्या लिपीला ६०० लागतील. भाषा होती, कवी होता, यंत्र होते, आणि अडले ते अक्षरापाशी. मराठी नागरी खिळ्यांत दिसायला पुढे १८०५ साल उजाडले, तेही दूर बंगालमधल्या सेरामपूरला, विल्यम केरीच्या व्याकरणात.

आता इंदूरला जाऊ. १९४७ मध्ये तिथे 'नईदुनिया' हे हिंदी दैनिक निघाले. राहुल बारपुते या मराठी माणसाने त्याचे संपादन दीर्घकाळ केले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? याच घराण्यातून १९९९ मध्ये विनय छजलानी यांनी 'वेबदुनिया' सुरू केली. हिंदीतले पहिले पोर्टल म्हणून ती ओळखली जाते. मराठीत अमेरिकेतल्या आपल्या मंडळींची 'मायबोली' १९९६ पासून होतीच. पण इंदूरकरांचा बेत नुसता मजकूर वाचायला देण्याचा नव्हता. 'ई-पत्र' नावाच्या सेवेतून आपापल्या भाषेत ईमेल लिहिता यावे, हाही होता. वाचायचे पान आणि ज्यात वाचक स्वतः काही लिहितो ते वेब ॲप्लिकेशन, यांत जो फरक आहे तो इथेच.

अडचण पुन्हा ६०० साच्यांचीच होती, फक्त रूप बदलले होते. संगणकाला त्या काळी इंग्रजी अक्षरांचे घर तेवढे माहीत होते. मग आपल्या लोकांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागी नागरीचा तुकडा बसवायचा. आत 'd' असायचा आणि वर दिसायचा 'क'. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट निराळा, त्यामुळे कुणाचा 'd' कुणाचा 'क' होईल याचा नेम नाही. वाचकाकडे फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता गिचमिड काला! त्यावर उतारा म्हणून पानाबरोबरच फॉन्ट पाठवणारे 'डायनॅमिक फॉन्ट' आले. त्यातही नेटस्केपची तऱ्हा एक आणि एक्सप्लोररची दुसरी.

दिसण्यापुरते हे चालून गेले, पण ॲप्लिकेशनला दिसणे पुरत नाही. शोधायचे, अकारविल्हे लावायचे, साठवायचे आणि दुसऱ्याला पाठवायचे, तर आत खरेच अक्षर असावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'क' साठवला जाई, म्हणजे डोळ्यांना दिसतो तसा. यंत्राच्या लेखी ते अक्षर नव्हतेच, चित्र होते. खरे अक्षर दिले ते युनिकोडने. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. गंमत म्हणजे त्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच १९८८ च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणावरून घेतलेली. तरीही घरच्या संगणकावर ती दिसायला विंडोज २००० यावे लागले. ज्ञान होते, प्रमाण होते, आणि मधली वर्षे युक्त्यांवर निघाली. वेबदुनियाही यथावकाश युनिकोडवर आली आणि मराठीसह अनेक भाषांत पसरली. २०१२ मध्ये 'नईदुनिया' जागरण समूहाकडे गेली, वेबदुनिया मात्र वेगळी राहिली.

या मधल्या वर्षांची किंमत कुणी मोजली? माझ्याकडे त्या काळातल्या लेखांच्या फायली आहेत. ज्या फॉन्टमध्ये त्या लिहिल्या तो आता कुठल्याच यंत्रावर चढत नाही. उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. माझे जाऊ द्या. पण गोव्यातल्या किती संस्थांच्या स्मरणिका, किती नाटकांच्या संहिता, किती कार्यक्रमांची टिपणे अशाच फायलींत बंद असतील! क्रिस्तपुराण ४०० वर्षांनंतर आजही वाचता येते. आमची २५ वर्षांपूर्वीची फाईल वाचता येत नाही.

आणि काम अजून संपलेले नाही. मराठीचा 'ॲ' युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये. 'किनाऱ्यावर' या शब्दातला 'ऱ्य' आजही दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण साध्या शोधयंत्रणेला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. हिंदीला हा 'ऱ्य' लागतच नाही, तेव्हा त्याची काळजी हिंदीवाले वाहणार नाहीत. ती आपल्यालाच वाहावी लागेल. आज बोलून लिहिता येते, यंत्र भाषांतर करून देते, वेबपत्त्यालासुद्धा २०१४ पासून '.भारत' लावता येते. या नवलाईत खालचे अक्षर पक्के आहे ना, हे कुणीतरी पाहत राहिले पाहिजे.

तेव्हा वाचकहो, एवढेच करा. घरात, संस्थेत, देवळाच्या कचेरीत जुन्या फॉन्टमधल्या फायली असतील तर त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्या. बऱ्याच फॉन्टांसाठी परिवर्तक मिळतात. जुना फॉन्ट सापडला तर तोही टाकू नका, उलगडायची किल्ली तीच आहे. काही सापडले नाही तर ज्यांनी लिहिले त्यांच्याकडून, ते आहेत तोवर, पुन्हा लिहून घ्या. स्टीफन्सला खिळे मिळाले नाहीत, हा त्याचा दोष नव्हता. आपल्याला ते मिळाले आहेत.