वावडे : रोग्यांनीच उकललेले कोडे

पंगतीत कुणी म्हणाले, "वांगे नको, मला वावडते," की वाढणारी पुढे जाते खरी, पण मनात म्हणते, "काय तरी एकेकाची थेरं!" कुणाच्या अंगावर कोळंबीने गांधी उठतात. कुणी फडताळ झाडायला घेतले की वीस-वीस शिंका देतो. बाकीची मंडळी तेच खाऊन, त्याच धुळीत खुशाल असतात. मग या एकालाच काय होते? डॉक्टर याला अॅलर्जी म्हणतात. तिचे कोडे कसे सुटत गेले ते पाहू. गंमत अशी, की ते सोडविणाऱ्यांत पुष्कळसे स्वतःच रोगी होते.

१८१९ साली लंडनच्या एका वैद्यकसभेपुढे डॉ. जॉन बॉस्टॉक यांनी एका रोग्याची हकिकत वाचली. लहानपणापासून दर जून महिन्यात या गृहस्थाचे डोळे चुरचुरत, नाक वाहे, छाती दाटून येई. रक्त काढून झाले, रेच झाले, अफू झाली, गुण नाही. हा रोगी म्हणजे स्वतः बॉस्टॉकच! लोक म्हणत, हा कापलेल्या गवताचा प्रताप. डॉक्टरसाहेबांना ते पटेना. त्यांनी उन्हाळ्याच्या उष्म्याला दोष दिला. इथे लोकच खऱ्याच्या अधिक जवळ होते.

ते सिद्ध केले मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स ब्लॅक्ली यांनी. त्यांनाही हीच पीडा. त्यांनी गवताचे पराग हुंगले, खरवडलेल्या कातडीवर चोळले. शिंका आल्या, कातडी सुजली. चिकट काचा उघड्यावर ठेवून त्यांवर पडलेले परागकण त्यांनी मोजले. उंचावरच्या हवेत ते आहेत का हे पाहायला पतंगाला काचा बांधून उडविल्या! पतंगाला आपण वावडीही म्हणतो. तेव्हा वावड्याचे मूळ वावडीने शोधले म्हणायचे. त्यांचा ग्रंथ १८७३ साली निघाला.

'अॅलर्जी' हा शब्द मात्र १९०६ सालचा, व्हिएन्नाचे बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा. घोड्याच्या रक्तापासून केलेली लस दुसऱ्यांदा टोचली की काही मुलांना लवकर आणि जोराचा त्रास होई. पहिल्या भेटीने शरीराची वागणूकच बदलते, हे त्यांनी ओळखले.

पण हा बदल राहतो कुठे? १९२१ साली ब्रेस्लाउ येथे क्युस्टनर या डॉक्टरांना मासे वावडत. त्यांच्या रक्तातील पाणी प्राउस्निट्झ यांनी आपल्या कातडीत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांधी उठली! म्हणजे दोषी वस्तू रक्तात होती. ती हाती लागायला १९६६ साल उजाडले. अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने ती वेगळी ओळखली. आज तिला आयजीई म्हणतात. ती पेशींवर पहारेकऱ्यासारखी बसते आणि निरुपद्रवी परागालाही चोर समजून आरडाओरडा करते. त्या पेशींतून हिस्टामिन सुटते, आणि खाज, सूज, शिंका सुरू होतात.

उपायही याच वाटेने आले. १९११ साली लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागाचा अर्क थोडाथोडा वाढवीत टोचून शरीराला सवय लावली. ही रीत आजही आहे. हिस्टामिनला आवरणारी औषधे नंतरची, १९३७ पासूनच्या शोधातली.

आता निदानाचे म्हणाल, तर कातडीवर टोचून पाहतात, रक्तही तपासतात. पण चाचणीत गाठ उठली म्हणजे रोग ठरला, असे नव्हे. काय खाल्ले, कुठे गेलो होतो, किती वेळाने त्रास झाला, ही हकिकत आधी हवी. ती वहीत टिपून डॉक्टरांपुढे ठेवावी. आणि ओठ-जीभ सुजून श्वास कोंडू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक इस्पितळ गाठावे. तिथे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचविते.

तेव्हा पुढच्या पंगतीत कुणी "मला वावडते" म्हणाले, तर "एक घास घ्याच" असा आग्रह नको. बॉस्टॉकपासून या शास्त्राची सुरुवातच मुळी रोग्याच्या शब्दाने झाली आहे.