मांडीवरचे मेज

नववीच्या वर्गात अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध शिकवायला दोन तासिका मिळत. ४ जुलै १७७६ ही तारीख यायची, जाहीरनामा यायचा, तो लिहिणारा थॉमस जेफरसन यायचा. त्याने तो कशावर लिहिला, हे क्रमिक पुस्तकात नसे.

लिहिला तो एका लाकडी पेटीवर. जेफरसन तेव्हा फिलाडेल्फियात भाड्याच्या खोल्यांत राहत होता. स्वतः आराखडा काढून त्याने बेंजामिन रँडॉल्फ या कारागिराकडून ती करून घेतली. महोगनी लाकूड, बंद केली की सुमारे १४ इंच लांब, १० इंच रुंद आणि सव्वातीन इंच उंच. वरची फळी बिजागरीने दुमडलेली, उलगडली की लिहायची जागा दुप्पट. खणात कागद, लेखण्या, दौत. टेबलावर ठेवा नाहीतर मांडीवर घ्या. पेढीवर मुनीमजींपुढे असायचे ते उतरते डेस्क ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही सोय समजावून सांगायला नको. मीही मानेच्या दुखण्यापायी टेबलावर ठेवायला तिरकी फळी करून घेतली आहे, खाली पट्टी मारलेली, म्हणजे वही घसरत नाही. असो.

जेफरसनने ही पेटी जवळजवळ ५० वर्षे वापरली. १८२५ मध्ये त्याची नात एलन लग्न होऊन बॉस्टनला गेली. तिचे सामान जहाजाने निघाले आणि समुद्रात बुडाले. त्यात तिच्यासाठी बनवलेले एक लिहायचे मेज होते. ते बनवणारा जॉन हेमिंग्ज हा जेफरसनच्या माँटिसेलो या मळ्यावरचा सुतार, आणि गुलाम. त्याचा जन्म १७७६ चा! सर्व माणसे समान आहेत असे ज्या वर्षी लिहिले गेले, त्याच वर्षी हा जन्मला, तोही लिहिणाऱ्याच्याच मालकीचा म्हणून.

मेज बुडाल्याचे कळल्यावर हेमिंग्ज फार कष्टी झाला, असे जेफरसनने नातीला कळवले आहे. दुसरे करशील का, असे विचारले तर तो नाही म्हणाला. डोळे अधू झाले होते आणि पहिले कसे केले होते तेही नीट आठवत नव्हते. मग जेफरसनने बदल्यात आपली जुनी पेटी नातजावयाला पाठवून दिली. कूलिज घराण्याने १८८० मध्ये ती सरकारला दिली. आज ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारला. त्याची शवपेटी हेमिंग्जनेच केली. मृत्युपत्राने पाच गुलाम मुक्त झाले, त्यांत हा एक. पण ताबडतोब नाही, वर्षभराने. सोबत त्याच्या कारखान्यातली हत्यारेही त्याला द्यावीत असे लिहिले होते. माँटिसेलोच्या उरलेल्यांपैकी सुमारे १३० माणसे जानेवारी १८२७ मध्ये कर्जापायी लिलावात निघाली. त्यानंतर काही महिन्यांनी, पन्नाशी उलटल्यावर, हेमिंग्जचा रंधा त्याच्या स्वतःच्या मालकीचा झाला.