बँकेतले 94 कोटी गेले, पण एकाही खात्यातून रुपया कमी झाला नाही! कॉसमॉस बँकेच्या हॅकिंगमधून समजून घ्या माहिती सुरक्षा

सोलापूरहून निघालेली गाडी होटगी जंक्शनला आली की रुळांना दोन वाटा फुटतात. एक वाडी-कलबुर्गीकडे जाते, दुसरी विजयपूर-गदगकडे. कुठली गाडी कुठल्या रुळावर जाणार हे सिग्नल ठरवतो आणि ड्रायव्हर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. आता कल्पना करा, स्टेशनच्या अलीकडेच कुणीतरी खोटी केबिन उभी केली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हिरवा दिवा दाखवायला सुरुवात केली. स्टेशन मास्तरला याचा पत्ताच नाही!

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत जवळपास हेच घडलं.

नेमकं काय झालं होतं?

आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन आधी बँकेला विचारतं, ‘खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. हॅकर्सनी मालवेअर घुसवून मधेच एक बनावट स्विच उभा केला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हता. बनावट स्विच परस्पर ‘हो, द्या’ म्हणत होता.

11 ऑगस्टला, शनिवारी, अवघ्या काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या व्हिसा कार्डांनी सुमारे 12 हजार व्यवहार झाले आणि 78 कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांनी सुमारे 2,800 व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले. त्यात कोल्हापूर, मुंबई, इंदूरची एटीएम होती. बँक सावरते न सावरते तोच सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून 13.92 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा 94.42 कोटी.

गंमत म्हणजे (बँकेसाठी अर्थातच गंमत नव्हती) खातेदारांच्या शिल्लक रकमेला धक्का लागला नाही. व्यवहार मुख्य प्रणालीत गेलेच नव्हते, मग वजा कुठून होणार? भुर्दंड बँकेला बसला.

माहिती सुरक्षेचे तीन खांब

या क्षेत्रात शिरणाऱ्याला पहिल्या दिवशी तीन शब्द शिकवले जातात : गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. कार्डांची माहिती चोरांच्या हाती लागली, म्हणजे गोपनीयता गेली. हल्ल्यानंतर बँकेला काही काळ एटीएम आणि नेट बँकिंग बंद ठेवावं लागलं, म्हणजे उपलब्धता गेली. पण खरा घाव अचूकतेवर होता. कारण इथे यंत्रणेने दिलेलं उत्तरच खोटं होतं. आपण सगळे पासवर्डचीच काळजी करत बसतो आणि हा मधला खांब विसरतो. मोबाईलवर ‘लाईट बिल भरा, नाहीतर आज रात्री वीज कापू’ असा मेसेज येतो तेव्हाही घाव इथेच असतो. मेसेज महावितरणच्या नावाने येतो, पाठवणारा भलताच असतो.

मग एथिकल हॅकर काय करतो?

चोर जे करेल तेच, पण मालकाला विचारून. काम सुरू करण्याआधी लेखी करार होतो. त्यात कोणती यंत्रणा तपासायची, किती दिवस, कुठे हात लावायचा नाही हे सगळं ठरतं. मग माहिती गोळा करणं, उघडी दारं शोधणं, आत शिरून दाखवणं आणि शेवटी अहवाल देणं. सिनेमात दाखवत नाहीत ते कंटाळवाणं काम म्हणजे हा अहवाल, आणि पैसे त्याचेच मिळतात.

परवानगी हा इथला कळीचा शब्द आहे. समजा, होटगीतल्या एखाद्या बीसीएच्या पोराला कॉलेजच्या वेबसाईटमध्ये त्रुटी दिसली आणि ‘चेक करू’ म्हणून तो आत शिरला. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागू शकते. हेतू अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा ठरला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यापेक्षा दिसलं तिथेच थांबावं आणि संस्थेला किंवा केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ला कळवावं. अशा त्रुटींची माहिती ही संस्था स्वीकारते. आणि फसवणुकीत स्वतःचेच पैसे गेले असतील तर 1930 वर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.

कॉसमॉस प्रकरणाचं पुढे काय झालं?

हाँगकाँगला गेलेल्या रकमेचा काही भाग परत मिळाला. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. पण ही मंडळी एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतली होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. बनावट स्विच बनवणारा मात्र पुण्याच्या कोर्टात कधी उभा राहिला नाही.