आधी औषध, मग अहवाल: इंग्लंडमधील कॅन्सरच्या तातडीच्या सेवेचा इतिहास

केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात, आणि त्या फार घटल्या की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो. पेशींची संख्या आणि जंतुसंसर्ग यांचे नाते जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत ल्युकेमियाच्या रुग्णांवरून आकड्यांनिशी दाखवले. मात्र जंतू ओळखून मग औषध द्यायचे म्हटले, तर रक्ताच्या कल्चरचा अहवाल येईपर्यंत रुग्ण हातचा जाई. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ यांच्या गटाने ताप दिसताच कार्बेनिसिलिन व जेंटामायसिन ही प्रतिजैविके सुरू करण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. औषधे बदलली, तरी तो पायंडा आजही कायम आहे.

पण औषध देणार कोण? इंग्लंडमध्ये केमो बरीचशी दिवसापुरत्या उपचारावर आली. सकाळी यायचे, सलाईन घ्यायचे, संध्याकाळी घरी. ताप येई आठवड्या-दोन आठवड्यांनी, तोही घरी. मग रुग्ण जवळच्या साध्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाई आणि त्याचे कॅन्सरतज्ज्ञ दुसऱ्याच शहरात असत. शिवाय पू धरायलाही पांढऱ्या पेशीच लागतात. त्यामुळे असा रुग्ण वरवर ठीकठाक दिसतो आणि रांगेत मागे पडतो.

उपचारानंतर ३० दिवसांत दगावलेल्या रुग्णांची कागदपत्रे तपासणारा राष्ट्रीय अहवाल २००८ मध्ये आला. त्यात जेमतेम ३५ टक्के रुग्णांची देखभाल चांगली ठरली. २७ टक्के रुग्णांचा मृत्यू उपचारानेच ओढवला किंवा लवकर आला होता. पुढच्याच वर्षी सरकारच्या सल्लागार गटाने इमर्जन्सी असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात ‘अक्यूट ऑन्कोलॉजी’ म्हणजे कॅन्सरच्या तातडीच्या सेवेचे पथक हवे, असे सांगितले. बहुतेक ठिकाणी या पथकाचा कणा प्रशिक्षित नर्सच ठरल्या. चोवीस तासांची हेल्पलाइन आली, रुग्णाच्या खिशात सूचनापत्र आले आणि प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन तासाभरात देण्याचा दंडक पडला. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने तर ते ताबडतोब द्यायला सांगितले. त्याचबरोबर, धोका कमी असलेल्यांना घरूनच उपचार घेण्याची वाटही मोकळी ठेवली.

प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या इम्युनोथेरपीने मात्र या पथकांपुढे निराळेच दुखणे आणले. तिथे पेशी कमी पडत नाहीत, त्या स्वतःच्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर उलटतात, कधी उपचार थांबल्यावर महिन्यांनीही. आतड्यांवरच्या या हल्ल्याने लागलेल्या जुलाबावर प्रतिजैविक चालत नाही, बहुधा स्टेरॉइड लागते.