करार, कमाई आणि घर : मराठी अभिनेत्रींची आत्मकथने, एक ऐतिहासिक साधन

मराठी रंगभूमीचा व चित्रपटाचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो प्रामुख्याने नाटककारांचा, नाटकमंडळ्यांचा आणि चित्रसंस्थांचा आहे. नटींचे उल्लेख त्यात येतात. परंतु ते भूमिकांच्या नामावळीत, किंवा मग आख्यायिकांच्या रूपाने. वस्तुतः या स्त्रियांनी स्वतःविषयी पुष्कळच लिहून वा सांगून ठेवले आहे. शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ १९४० साली प्रसिद्ध झाले. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली, स्नेहप्रभा प्रधान यांचे ‘स्नेहांकिता’ १९७३ साली, लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’ १९८१ साली आणि दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ साली. वाचकांनी ही पुस्तके बहुधा कबुलीजबाब म्हणून वाचली. श्रम, वेतन आणि कुटुंब यांच्या परस्परसंबंधांचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर त्यांचे मोल निराळेच ठरते.

पार्श्वभूमी सुपरिचित आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि बालगंधर्वांच्या उदयानंतर तर ही प्रथा केवळ सोय न राहता सौंदर्याचा आदर्श होऊन बसली. केवळ स्त्रियांच्या अशा नाटकमंडळ्याही होत्या. पण प्रतिष्ठित समाजाच्या लेखी त्यांची गणना कलेत होत नसे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी दादासाहेब फाळके यांना तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळाली नाही व ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. पतीपासून विभक्त होऊन एकटीने मुलीला वाढविणारी स्त्री पडद्यावर प्रथम यावी, हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्या स्त्रीला घराची प्रतिष्ठा सांभाळण्यापेक्षा घर चालविणे अधिक निकडीचे होते, तिलाच हे पाऊल टाकणे शक्य झाले.

पुढे वीस वर्षांनी सुशिक्षित घरांतील स्त्रिया या व्यवसायात आल्या, त्यांच्याही बाबतीत हे कारण फारसे बदललेले दिसत नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या दुर्गा खोटे सासरची सांपत्तिक स्थिती ढासळल्यावर चित्रपटाकडे वळल्या. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मधील लहानशा भूमिकेने त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मधील तारामतीने तीच स्त्री आदरास पात्र ठरविली. एका वर्षात त्या बदलल्या नव्हत्या; बदलली होती ती संस्था आणि भूमिका. लीला चिटणीस पदवीधर होत्या आणि पतीपासून वेगळे झाल्यावर मुलांच्या पोषणाचा भार त्यांच्यावर होता. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या गायिकेला आधुनिक नाटकात आणले. या प्रयोगाचे श्रेय इतिहासग्रंथ बहुधा इब्सेनच्या प्रभावाला आणि नव्या नाट्यतंत्राला देतात. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच केल्याने त्या तंत्राला जो अर्थ आला, त्याची चर्चा त्यामानाने त्रोटक राहिली आहे.

शांता आपटे यांचे प्रकरण या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली काढलेल्या ‘कुंकू’ चित्रपटात त्यांनी जरठ वराशी लग्न लावून दिलेल्या आणि ते लग्न मनाने कधीच न स्वीकारणाऱ्या तरुणीची भूमिका केली. या भूमिकेचे समाजाने कौतुक केले. परंतु १९३९ च्या जुलै महिन्यात याच अभिनेत्रीने करार व वेतन यांविषयीच्या तक्रारीवरून पुण्यातील प्रभातच्या प्रवेशद्वाराशी उपोषण आरंभिले, तेव्हा ते अनेकांना नटीचा हेका वाटले. पडद्यावरील अन्यायाचा प्रतिकार स्तुत्य आणि प्रत्यक्षातील प्रतिकार हास्यास्पद, असा हा विचित्र न्याय होता. उपोषण हे त्या काळी राजकीय शस्त्र म्हणून सर्वांना ठाऊक होते. ते एका पगारदार स्त्रीने आपल्या मालकसंस्थेविरुद्ध उचलावे, यातील नावीन्य समकालीनांच्या लक्षात फारसे आले नाही. पुढच्याच वर्षी निघालेले ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक चित्रपटात येऊ इच्छिणाऱ्यांना उद्देशून असले, तरी त्याचा रोख भांडवल व श्रम यांच्या संबंधांवर आहे. चित्रपटाकडे कारखाना म्हणून पाहणारे इतके जुने मराठी लेखन क्वचितच सापडेल, आणि ते एका अभिनेत्रीचे आहे.

हंसा वाडकर यांचे आत्मकथन याच्या उलट टोकाचे. मूळच्या रतन साळगावकर. घरच्या गरजेपोटी १९३६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ‘विजयाची लग्ने’मध्ये काम करू लागल्या. अल्पवयातच विवाह झाला. संसार करावा आणि काम सोडावे अशी त्यांची इच्छा होती. पण मिळवती मुलगी ज्या घराला सोडवेना, तिथून त्या मिळवती पत्नी म्हणून दुसऱ्या घरी गेल्या, इतकाच काय तो पालट. १९४१ चा ‘संत सखू’ आणि १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’ यांनी कीर्ती दिली. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ तर पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. ही कमाई त्यांच्या स्वाधीन कितपत होती, हा प्रश्न त्यांच्या निवेदनात पुनःपुन्हा डोकावतो. मद्य, घर सोडून जाणे, परत येणे हे प्रसंग वाचकांना सनसनाटी वाटले. पण पैशाचा धागा धरून वाचल्यास त्यांची संगती लागते. कमावणाऱ्या हाताला खर्चाचा अधिकार नसणे, हीच त्या आयुष्यातील मूळ विसंगती होय.

येथे साधनचिकित्सेचा एक मुद्दा उपस्थित होतो. ‘सांगत्ये ऐका’ हे सांगितलेले पुस्तक आहे. ते ‘माणूस’मधून क्रमशः आले व त्याचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. त्यामुळे त्यातील थेटपणा किती कथन करणारीचा आणि किती लेखणीचा, हे ठरविणे अवघड आहे. दुर्गा खोटे यांच्या पुस्तकात संयम आहे, आणि त्या संयमातही काही वगळलेले असणार. १९७७ साली श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ चित्रपटात स्मिता पाटील यांनी हंसाबाईंवर बेतलेली व्यक्तिरेखा साकारल्यानंतर तर अनेक अभ्यासकांच्या मनात मूळ व्यक्ती आणि चित्रपटातील स्त्री यांची सरमिसळ झाली. आत्मकथनाचा आधार घेताना ही सरमिसळ कटाक्षाने टाळावयास हवी.

ज्यांनी पुस्तक लिहिले नाही अशांची संख्या अर्थातच मोठी आहे. ‘मोहिनी’ झालेली कमला पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि तरुणपणीच विधवा झाली. तीन मुलांना वाढविण्यासाठी तिने रंगभूमीवर काम चालूच ठेवले, आणि स्त्रियांच्या मंडळीत पुरुषांच्या भूमिकाही केल्या. ज्या पिढीत पुरुषाने स्त्रीवेष धारण करणे हे कलेचे वैभव मानले गेले, त्याच पिढीतील या पुरुषवेषाची समीक्षकांनी फारशी नोंद घेतली नाही. कमलाबाई गोखले यांच्या आठवणी उत्तरायुष्यात रीना मोहन यांच्या माहितीपटात ध्वनिचित्रबद्ध झाल्या. तोवर ‘राजा हरिश्चंद्र’ला जवळजवळ ऐंशी वर्षे लोटली होती.